जिन्यातला खोकला

१

बाबा घरात शिरायच्या आधी त्यांचा खोकला शिरायचा.

खाली कारखाना, वर घर आणि मधे लाकडी जिना. जिन्याला एक वळण होतं आणि त्या वळणावर उजेड कधी नीट पोचायचाच नाही. दिवस कलला की खालून दाराच्या फळ्या लावल्याचा आवाज यायचा, मग कुलपाचा, मग पहिल्या पायरीची करकर. वळणावर आले की बाबा थांबायचे आणि दोनदा खोकायचे. आधी आखूड, मग जरा लांब. घसा खवखवतोय म्हणून नव्हे. दारावर टकटक करावी तसे खोकायचे. स्वयंपाकघरात आई मागे वळूनसुद्धा न बघता चहाच्या भांड्याच्या काठावर चमचा आपटायची. ठण्. म्हणजे ऐकलं, या, आधण ठेवलंय. मग मुलीने उठून दाराची कडी काढायची.

कडी काढणं हे मुलीचं काम. तिचा हात कडीला पुरत नव्हता तेव्हापासूनचं. तेव्हा ती स्टूल ओढत न्यायची, आणि बाबा बाहेर अंधारात मुकाट उभे राहायचे. त्यांनी एकदाही बाहेरून दार ढकललं नाही. तिचा मान होता तो.

"लोकांच्या दाराला घंटा असते," आत्या म्हणायची, "माझ्या भावाच्या दाराला खोकला बसवलाय. वीज जावो नाहीतर राहो, वाजणार म्हणजे वाजणार." आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. राहायची पलीकडच्या गल्लीत, पण दिवसातून एकदा तरी तिचा आवाज या घरात असायचाच, आणि तो काही खोकल्याइतका आखूड नव्हता.

बाबा वाऱ्यावर वाजणाऱ्या वाद्यांचे भाते दुरुस्त करायचे. हातपेट्या, पायपेट्या, गळ्यात अडकवून वाजवायची वाद्यं. कातडं, पुठ्ठा, फडकं आणि सरस यांत त्यांचं आयुष्य गेलं. सगळे त्यांना भातेवालेच म्हणायचे. मुलीला ते 'सुई' म्हणायचे, कारण ती बारीक होती, गप्प होती आणि नेमकी जागा शोधून काढायची. भात्याला कुठेतरी इतकं बारीक भोक पडायचं की ते ना डोळ्याला दिसायचं ना कानाला ऐकू यायचं. मग सुईने गाल ओला करून एकेका घडीजवळ न्यायचा. जिथे गालाला गार लागेल तिथे भोक. पाहुणे आले की मूग गिळून बसणाऱ्या त्या मुलीला कारखान्यात मोठी किंमत होती. बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, "मी नुसता डकवतो. शोधते ती."

२

मग तो खोकला बदलला. वळणावर यायचा तो जेवताना यायला लागला, झोपेत यायला लागला. बाबांच्या हातरुमालाच्या घड्या आतून तांबूस निघू लागल्या. आईने एकदा रुमाल धुताना ते पाहिलं आणि मशीनवरचं शिवणकाम तसंच टाकून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या काचेवर लावला. "लहानपणी क्षय झाला होता ना? तो बरा झाला, पण जाताना इथे एक पोकळी ठेवून गेला. रिकामी खोली म्हणा. आणि खोली रिकामी दिसली की भाडेकरू येतोच. हा बघा."

पोकळीत लिंबाएवढा एक गोळा होता. त्याच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी काळी फट.

"बुरशी," डॉक्टर म्हणाले. "ओल्या भिंतीवर येते ना, त्याच जातीतली. हवेत सगळीकडे असते. आपण सगळेच ती श्वासातून घेतो. तुमच्याकडे तिला राहायला जागा मिळाली, एवढंच."

त्यांनी दुसरा फोटो लावला. हा बाबांना कुशीवर झोपवून काढलेला. गोळा पहिल्या जागी नव्हता. घरंगळून खालच्या बाजूला गेला होता.

"आत मोकळा आहे. तुम्ही कूस बदलली की तोही बदलतो."

मुलीची नजर त्या फोटोवरून हलेना. बाबा झोपेत वळतात तेव्हा आत तेही वळतं. त्यांच्याबरोबर. न विचारता.

"काम काय करता?"

"भाते दुरुस्त करतो. जुने."

"ते तपासता कसे?"

"भोकाला तोंड लावायचं आणि हवा ओढून बघायची."

"तोंडाने?"

"मग काय, पायाने?" बाबा म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत.

बाबांच्या फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढला. शुद्धीवर आल्यावर बाबांनी नर्सला विचारलं, "माझा तुकडा कुठे ठेवलात?"

"तपासायला गेलाय."

"परत येणार का तो?"

तेव्हा सगळेच हसले. आत्या तर पदर तोंडाला लावून हसली. बाबा विनोद करतायत म्हणजे बरे आहेत, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं.

३

डॉक्टरांनी बजावलं होतं की त्या जुन्या कातड्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आईने कारखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली कपाटात ठेवली. बाबा खिडकीपाशी बसून आईच्या मशीनच्या बॉबिनी भरून द्यायला लागले. भातेवाल्याचे हात ते. दोरा गुंडाळतानासुद्धा घडी मोजल्यासारखे चालायचे.

खोकला गेला. तोही आणि तोही. आजाराचा गेला ते बरंच झालं, पण त्याच्याबरोबर वळणावरचाही गेला, कारण आता बाबा खालून वर येतच नव्हते. संध्याकाळ झाली की घर कान देऊन बसल्यासारखं वाटायचं. आईचा हात सवयीने चमच्याकडे जायचा आणि परत यायचा. मुलगी अभ्यास करता करता दाराकडे बघायची. दमट हवेने कडीला हल्ली गंज चढू लागला होता. एक आवाज नाही म्हणून माणसाला इतकं चुकल्याचुकल्यासारखं वाटावं, याचं तिला नवल वाटे. बाबा तर समोर बसलेले होते. तरी कोणीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहायचं.

अशाच एका संध्याकाळी बाबा खिडकीपाशी दोरा गुंडाळत होते, आई चहा टाकत होती, मुलगी जमिनीवर पुस्तक पसरून बसली होती. खाली पहिली पायरी करकरली. मग पुढच्या. वळणावर कोणीतरी थांबलं.

आणि खोकलं. आधी आखूड, मग जरा लांब.

ठण्, आईचा चमचा वाजला.

मुलगी उठून दारापाशी पोचलीसुद्धा. बोटं कडीवर ठेवली तेव्हा तिला कडीचा गंज लागला, आणि मग ते लक्षात आलं. तिने हळूच मागे वळून पाहिलं. बाबा खिडकीतच होते. हातातली बॉबिन अर्धी भरलेली. ते तिच्याकडेच बघत होते.

"शेजारचं कोणीतरी असेल," बाबा म्हणाले.

शेजारच्यांचा जिना वेगळा आहे, हे मुलीच्या अगदी ओठावर आलं.  तिने कडी काढली नाही. जिन्यातून कोणी खाली उतरल्याचा आवाज ती ऐकत राहिली, तो काही आला नाही. गॅसवर चहाचं पाणी आटून अर्धं झालं.

४

प्रत्येक आवाजाला कारण असतं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. म्हणून तिने कारण शोधलं.

कारखान्यात एक मोठी पायपेटी होती. बंद पडलेल्या एका नाटकगृहाची. कोणी न्यायला आलं नाही, आणि बाबा वेळ मिळेल तसं तिच्यावर काम करत राहिले, दुसरं कोणी जुन्या मोटारीवर करतं तसं. मुलगी लहान असताना ते तिला दाखवायचे, "हे बघ, हिला दोन भाते आहेत. एक घेतो तेव्हा दुसरा देतो. म्हणून हिचा सूर तुटत नाही. माणसाला एकाच भात्यावर भागवावं लागतं, म्हणून माणूस मधे मधे अडखळतो."

संध्याकाळी हवा गार होते. लाकूड आक्रसतं. भात्याची फळी सुटून खाली बसते आणि आतली हवा भसकन बाहेर पडते. खोकल्यासारखी. दोन भाते, म्हणून दोनदा. झालं. तिला इतकं हायसं वाटलं की तिने ते वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शिवलेले कपडे पोचवायला गेली, बाबा डुलक्या घेत होते, तेव्हा तिने किल्ली घेतली.

खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं. सरसाचं भांडं, आत वाळलेला थर. कातडं तासायची सुरी. बाबांचा अंगठा टेकून टेकून टेबलाच्या कडेला पडलेला खळगा. तिने त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला, तो अजून भरत नव्हता. पायपेटी कोपऱ्यात होती. तिचे दोन्ही भाते बाबांनी आजारी पडायच्या आधीच सोडवून भिंतीवर खुंटीला टांगले होते. स्प्रिंगा काढलेल्या, फळ्या वेगळ्या. नुसत्या कातड्याच्या रिकाम्या घड्या. त्यांत हवा भरायला जागाच नव्हती.

म्हणजे कारण हे नव्हतं.

तिने निघून जायला हवं होतं. पण हाताला वळण पडलेलं असतं. तिने बोट तोंडात घालून गाल ओला केला आणि गाल घडीजवळ नेला.

गार लागायला हवं होतं. ऊन लागलं.

मग ते ऊन थांबलं, आणि गालाची ओली कातडी कोणीतरी हलकेच आत ओढावी तशी ओढली गेली. मग पुन्हा ऊन. पुन्हा ओढ. सावकाश, झोपलेल्या माणसासारखं. वास आला तो बंद ट्रंकेचा, सर्दलेल्या पुठ्ठ्याचा. आणि त्याच्याखाली दुसरा एक वास होता, सरसाचा आणि घामाचा. ती लहान होती तेव्हा बाबा तिला खांद्यावर घालून वर न्यायचे. अर्धवट झोपेत नाक त्यांच्या मानेत खुपसलं की हाच वास यायचा.

म्हणून ती पळाली नाही. उभी राहिली, गाल तिथेच ठेवून, डोळे मिटून. किती वेळ ते तिचं तिलाच कळलं नाही. वर बाबांनी हाक मारली तेव्हा ती भानावर आली. मोरीत तोंड धुताना गालावरून राखाडी पाणी निघालं.

५

जिन्यातला खोकला आता रोज यायचा. आई रोज चमचा वाजवायची. दार मात्र कोणी उघडत नसे, आणि त्याबद्दल कोणी बोलतही नसे. पण आईची पाठ सैल झाली होती. ती काम करताना गुणगुणायला लागली होती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत घर पूर्वीसारखं झालं होतं. संध्याकाळ पुन्हा संध्याकाळसारखी वाटायची. फक्त मुलगी कडीपासून लांब बसायची.

आणि ती बाबांकडे बघायची. बघणं तिला येत होतं. बाबांच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती हलायला लागली होती. संध्याकाळी त्यांचा हात तापलेला असायचा. खिडकीतून उठून स्वयंपाकघरात आले तरी ते चौकटीला धरून थांबायचे, आणि जणू चौकटच बघत होतो असं दाखवायचे. एक दिवस तिने त्यांची उशी उलटली. अभ्र्याची एक बाजू खाली दडवलेली होती, तिच्यावर गंजाच्या रंगाचा डाग.

सगळं पहिल्यासारखंच होतं. नव्हता तो फक्त खोकला. बाबा एकदाही खोकत नव्हते. साधा ठसकासुद्धा नाही.

"आई, बाबा बारीक झालेत."

"औषधं कडक होती ना. भरतील हळूहळू."

"त्यांना ताप असतो."

"खोकला आहे का?" आई झटकन म्हणाली. "नाही ना? मग झालं तर. तू आता अपशकुनी नको बोलूस काहीबाही."

मग तिने बाबांनाच गाठलं.

"बाबा, जिन्यातला तुम्हाला ऐकू येतो ना?"

बाबांनी दोरा तोडला. दाताने. आईला ते आवडायचं नाही.

"सुई, तुला म्हणून सांगतो. तो वाजला की मला छातीत मोकळं वाटतं. म्हणजे कसं, मला यायचा असतो, अगदी इथपर्यंत आलेला असतो, आणि तो तिकडे येऊन जातो."

"डॉक्टरांना सांगू या."

"काय सांगू? माझा खोकला घर सोडून गेलाय आणि जिन्यात राहतो? छातीच्या डॉक्टरांकडून उचलून डोक्याच्या डॉक्टरांकडे टाकतील मला." ते हसले, आणि हसताना त्यांना धाप लागली. मग त्यांनी तिचा हात धरला. "मला पुन्हा त्या टेबलावर जायचं नाही, बाळा. घाबरतो मी. तू काही बोलू नकोस हं. तू तशीही बोलत नाहीसच म्हणा."

६

तपासणीच्या दिवशी आत्याही बरोबर होती. आत्याच जास्त बोलत होती. डॉक्टरांनी बाबांच्या पाठीला नळी लावली, नखं बघितली, वजन बघितलं. वजन पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खोकला?"

"नाही," बाबा म्हणाले.

"अजिबात?"

"देवाशपथ नाही. हिला विचारा."

"नाही हो," आई म्हणाली. "आम्ही सगळे असतो ना घरात."

ते खरंच होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि पेन उचललं. "मग एवढ्यात फोटो नको. पुढच्या वेळी बघू. ताकदीची औषधं देतो."

 वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी जिचे कान लाल व्हायचे, ती मुलगी सगळ्यांसमोर उभी राहिली.

"खोकला आहे," ती म्हणाली.

"सुई," बाबा म्हणाले.

"रोज असतो. दोनदा. आधी आखूड, मग लांब."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधी येतो?"

"संध्याकाळी."

"कुठे असताना?"

"जिन्यात," ती म्हणाली. आणि पुढे काही विचारायच्या आत, एका दमात, "कॉलर सैल झालीये, संध्याकाळी ताप असतो, चौकटीला धरून थांबतात, आणि उशीला रक्त आहे."

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "हिला वाचा फुटली!" आणि मग तिला शेवटचा शब्द कळला आणि ती मटकन बाकावर बसली.

फोटो काढला. या खेपेला दुसरी बाजू होती. एका जुन्या व्रणाच्या जागी छोटी पोकळी, पोकळीत सुपारीएवढा गोळा आणि वर काळी चंद्रकोर.

"परत आलाय," डॉक्टर म्हणाले. "पण लहान आहे. लवकर सापडला." ते मुलीकडे वळले. "जिना चढताना खोकला येतो, हे लक्षात ठेवलंस, फार चांगलं केलंस."

तिने मान खाली घातली. डॉक्टरांची समजूत चुकीची होती. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. बाबांना तिथेच ठेवून घेतलं.

७

त्या संध्याकाळी घरात दोघीच. आईने सवयीने तिघांचं आधण ठेवलं, मग त्यातलं थोडं ओतून टाकलं.

जिना करकरला.

आखूड. मग लांब.

आईने चमचा उचलला. मुलीने तिचं मनगट धरलं.

"आई, नको."

"सोड गं."

"बाबा दवाखान्यात आहेत."

"मला माहितीये ते कुठे आहेत. मीच ठेवून आले ना त्यांना." आईचा आवाज फुटला. "पण हा त्यांचाच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय मी. चांगले होते तेव्हाचा आहे गं हा. एकदाच वाजवते. तिकडे त्यांना बरं वाटेल."

"आपण वाजवतो म्हणून तो येतो, आई."

हे तिला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. बोलल्यावर कळलं. आईलाही कळलं असावं, कारण तिने चमचा छातीशी धरला आणि ती तशीच उभी राहिली.

बाहेर पुन्हा खोकला. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. बाबांसारखंच, थांबून, मान देऊन. उत्तर आलं नाही. मग वळणाच्या वरची पायरी करकरली. तो आजवर वळणाच्या वर कधी आला नव्हता.

मुलीने दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला.

कठड्यावर हात होता. अंगठा वर उचललेला. बाबा तसाच ठेवायचे, अंगठ्याचा सरस लाकडाला लागू नये म्हणून. ठेवण अगदी तीच. फक्त तो हात राखाडी होता, मऊ होता, जुन्या कातड्यावर येते तशी लव त्याच्यावर होती, आणि जिन्यात वारा नसताना ती लव हळूहळू उठत होती, बसत होती. हाताच्या मागे, अंधारात, खांदा. खांद्यापेक्षा गोल. त्याच्या वर, जिथे डोकं असायचं, तिथे तिने बघितलं नाही. आणि तेवढ्यात, कोणी झोपेत कूस बदलावी तसं ते सगळंच्या सगळं, सावकाश, एका बाजूला घरंगळलं.

तिने डोळे मिटून घेतले. तिला ओरडावंसं वाटलं नाही. वाटलं ते दुसरंच: बिचारं केव्हापासून अंधारात उभं आहे आणि कडी काढायचं काम आपलं आहे. हात खरंच वर गेला होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने पायऱ्या उलट्या करकरत गेल्या.

८

दुसऱ्याच दिवशी मुलीने आत्याला बोलावून आणलं. काय पाहिलं ते सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "कारखाना रिकामा करायचाय." आत्याने कमरेला पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं आणि कामाला लागली. कातडी, पुठ्ठे, फडकी, दोन्ही भाते, सगळं मागच्या अंगणात जाळलं. धूर सरळ वर जाईना, जमिनीलगत लोळत राहिला. पायपेटीचा सांगाडा हातगाडीवर चढला. "जड आहे हो," गाडीवाला म्हणाला, "आत काय आहे?"

"सूर," आत्या म्हणाली. "चल, ओढ."

भिंती औषधाच्या पाण्याने पुसल्या. जिनाही पुसला, कठड्यासकट. मुलीने टेबलाच्या कडेचा तो खळगा तेवढा पुन्हा पुन्हा पुसला.

त्यानंतर जिना गप्प झाला. तिकडे बाबांच्या हातात सलाइन, पोटात गोळ्या, आणि दर फोटोत गोळा लहान होत गेला. या खेपेला कापावं लागलं नाही. बाबा मुलीशी आधी तुटक बोलायचे, मग एक दिवस तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणाले, "सापडलं बघ तुला भोक." त्या रात्री ती पोटभर जेवली.

बाबा घरी यायचे होते त्या दिवशी आईने जिन्यात नवा दिवा लावला आणि चहाचं भांडं घासूनपुसून लख्ख केलं. आत्या त्यांना आणायला गेली होती. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला खाली गाडी थांबली आणि आत्याचा गाडीवाल्याशी वाद सुरू झाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

पहिली पायरी करकरली. मग पुढची. सावकाश, दमादमाने. वळणावर पावलं थांबली.

आखूड. मग जरा लांब.

आई हसली. तिचे डोळे भरले होते. तिने चमचा उचलला आणि तो उचललेलाच राहिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

बाहेरून बाबा म्हणाले, "अगं, ऐकलं नाही का? सुई, उघड. मीच आहे."

एवढ्या वर्षांत बाबांना असं कधी सांगावं लागलं नव्हतं.

आवाज बाबांचाच होता. त्यात शंका नव्हती. दमलेला, थोडा हसरा. मुलगी दारापाशी गेली, कडीवर हात ठेवला. मग तिने बाजूच्या पेल्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, गाल ओला केला आणि फटीला लावला.

ऊन लागलं. श्वास होता, जिना चढून आलेल्या माणसाचा.

आणि त्याच वेळी, तो श्वास गालावर येत असतानाच, गालाची कातडी हलकेच आत ओढली जात होती. एक देत होता तेव्हा दुसरा घेत होता. मधे कुठे खंड पडत नव्हता.

खाली रस्त्यावर आत्याचा आवाज अजून चालूच होता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही एकटेच आहात ना?"

बाहेर दोन्ही श्वास एकदम थांबले.

मागे आईचा चमचा अजून हवेतच होता.